अर्धांगवायू : खरे औषध कोणते, हे ठरते कसे?



आपल्या या पत्रिकेत लागण, खोडवा, खत, पाणी, तोड आणि उतारा यांचीच चर्चा जास्त असते, आणि ते रास्तच आहे. परंतु ऊस पिकवणारा माणूस धड राहिला तरच ऊस उभा राहणार. म्हणून या अंकी आम्ही अशा एका दुखण्याविषयी लिहीत आहोत, की जे बहुधा दुखत नाही, पण घर बसवते. डॉक्टर त्याला स्ट्रोक म्हणतात, पुस्तकात पक्षाघात किंवा अर्धांगवायू असे लिहिलेले असते, आणि आपल्या वाडीवस्तीवर 'अंगावरनं वारं गेलं' किंवा 'लकवा मारला' म्हणतात.

कर्ता माणूस मोटार चालू करायला म्हणून उठतो आणि त्याचा हात उचलत नाही. तोंड वाकडे होते, बोलणे बोबडे होते. घरात एकच गोंधळ उडतो. मग जो तो सांगू लागतो. कोणी म्हणतो, अमक्या गावी झाडपाल्याचे औषध देतात. कोणी म्हणतो, कबुतराचे रक्त चोळा. कोणी म्हणतो, गरम तेलाने रगडा. गाडी ठरते, ती दवाखान्याऐवजी तिकडे वळते, आणि मोठा दवाखाना गाठेपर्यंत दुसरा दिवस उजाडतो. आपल्या भागात हे सर्रास घडते.

बरे, 'तिथं बरा झालेला माणूस आम्ही डोळ्यांनी बघितलाय' असे सांगणारा खोटे बोलत असतो असेही नाही. तो खरोखरच बघून आलेला असतो. मग ऐकायचे कुणाचे? खरे औषध कोणते हे ठरवायचे कसे? या प्रश्नाचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. ते आपल्या शेतातच सापडते.

मेंदूत घडते काय?

मेंदूला रक्त पुरवणाऱ्या नळ्या म्हणजे आपल्या कालव्याच्या चाऱ्या समजा. चारीत गाळ अडकला तर पुढच्या रानाला पाणी मिळत नाही. तसेच रक्ताची गुठळी नळीत अडकली की मेंदूचा पुढचा भाग रक्तावाचून मरू लागतो. अर्धांगवायूचा हा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. दुसऱ्या प्रकारात चारी तुंबत नाही, फुटते. नळी फुटून मेंदूत रक्तस्राव होतो.

पाणी तुटलेल्या रानात सगळी रोपे एकदम वाळत नाहीत. मधला पट्टा लवकर वाळतो, पण भोवतालची रोपे आधी नुसती माना टाकतात. त्या वेळी पाणी मिळाले तर ती पुन्हा उभी राहतात. उशीर झाला तर तीही जातात. मेंदूतही असेच होते. गुठळीच्या पुढचा थोडा भाग लवकर मरतो, पण भोवतालचा मोठा भाग काही तास 'माना टाकून' जिवंत असतो. डॉक्टरांची सगळी धडपड असते ती हा कोमेजलेला भाग वाचवण्याची. अमेरिकेतील मेंदूतज्ज्ञ जेफ्री सेव्हर यांनी २००६ साली हिशेब मांडला, की मोठी नळी तुंबली असता उपचाराविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला सरासरी १९ लाख मेंदूपेशी मरतात. एक चहा होईपर्यंत किती गेल्या, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

आता अडचण अशी, की चारी तुंबली काय आणि फुटली काय, रोगी बाहेरून सारखाच दिसतो. हात-पाय दोन्हीत लुळे पडतात, तोंड दोन्हीत वाकडे होते. आणि उपचार मात्र उलटे! गुठळी विरघळवणारे औषध फुटलेल्या नळीवर दिले तर जीवच जायचा. हे कोडे सीटी स्कॅनने सोडवले. हे यंत्र काढणारे गॉडफ्रे हाउन्सफील्ड इंग्लंडमध्ये शेतावरच वाढले. त्यांच्या यंत्रावर रुग्णाच्या मेंदूची पहिली तपासणी १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळच्या रुग्णालयात झाली आणि १९७९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. कवटी न उघडता आतला रक्तस्राव दिसू लागला. म्हणून ज्या दवाखान्यात सीटी स्कॅन नाही, तिथे अर्धांगवायूचा खरा उपचार सुरूच होऊ शकत नाही, ही गाठ मनाशी पक्की बांधावी.

शेजारचा बिनखताचा वाफा

समजा, एखाद्या खतविक्याने सांगितले, की 'आमचं खत टाका, एकरी दहा टन ऊस वाढेल.' तुम्ही टाकले आणि वाढले. पण ते खताने वाढले, की त्या साली पाऊस चांगला झाला म्हणून? की ते रानच मुळात कसदार होते? शेजारी तसल्याच रानात, तसल्याच पाण्यावर, बिनखताचा वाफा ठेवलेला असेल तरच ते कळणार. आणि कोणत्या वाफ्यात खत टाकायचे हे खतविक्याला ठरवू दिले, तर तो चांगला वाफा बघूनच टाकणार! म्हणून चिठ्ठी टाकून वाफे ठरवायचे. शिवाय एकाच वाफ्यावर भागत नाही, पुष्कळ वाफे घ्यावे लागतात. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रातून नवे वाण आपल्या बांधावर येते ते अशाच चाचण्यांतून पार पडून.

चिठ्ठी टाकून वाफे ठरवण्याची ही रीत शास्त्रशुद्ध पायावर उभी केली रोनाल्ड फिशर यांनी. ते १९१९ साली इंग्लंडमधील रोदॅमस्टेडच्या शेतकी संशोधन केंद्रात रुजू झाले आणि तिथल्या पिकांच्या चाचण्यांवर काम करता करता त्यांनी हे शास्त्र घडवले. आपल्या देशात शेतीसाठी या शास्त्राचा पाया घालण्यात सातारा जिल्ह्यातील बुध गावचे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा फार मोठा वाटा आहे. पीक कापणी प्रयोगासाठी चिठ्ठीने प्लॉट निवडतात, त्यामागे हेच शास्त्र आहे. त्यांनी आणि डॉ. पानसे यांनी मिळून शेतकी संशोधकांसाठी लिहिलेला सांख्यिकीचा ग्रंथ १९५४ साली प्रसिद्ध झाला.

हीच रीत वैद्यकातही आली. १९४८ साली इंग्लंडमध्ये क्षयरोगावरच्या स्ट्रेप्टोमायसीन औषधाची चाचणी प्रसिद्ध झाली. १०७ रोगी घेतले, चिठ्ठीने दोन गट पाडले. ५५ जणांना विश्रांती आणि औषध, ५२ जणांना नुसती विश्रांती. सहा महिन्यांत औषधाच्या गटात ४ जण दगावले, दुसऱ्या गटात १४. औषध खरे ठरले.

याच्या जोडीला आणखी एक खबरदारी घेतात. वजनकाट्यावर बसलेल्या माणसाला गाडी कुणाची हे ठाऊक नसले तर वजनात खोट येण्याची भीती कमी. तसेच कुणाला खरे औषध दिले आणि कुणाला हुबेहूब दिसणारे बिनऔषधाचे इंजेक्शन दिले, हे शक्य तिथे रोग्यालाही कळू देत नाहीत आणि गुण आला की नाही हे तपासणाऱ्या डॉक्टरलाही कळू देत नाहीत. कुलूपबंद यादी चाचणी संपल्यावरच उघडतात.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला

आता झाडपाल्याच्या औषधाने बरे झालेल्या माणसाकडे वळू. तोंड वाकडे होण्याचे सगळेच प्रकार अर्धांगवायूचे नसतात. चेहऱ्याकडे जाणारी एकच नस सुजली तरी तोंड वाकडे होते, डोळा मिटत नाही, कपाळावर आठी पडत नाही. हातपाय मात्र शाबूत राहतात. डॉक्टर याला बेल्स पाल्सी म्हणतात. आपण यालाही लकवाच म्हणतो.

स्कॉटलंडमध्ये या दुखण्याची चाचणी झाली, ती २००७ साली प्रसिद्ध झाली. ५५१ रोगी, दुखणे सुरू झाल्यापासून ७२ तासांच्या आत आलेले. प्रेडनिसोलोन नावाचे स्टेरॉइड ज्यांना दिले, त्यांपैकी ८३ टक्के लोकांचा चेहरा तीन महिन्यांत पूर्ववत झाला. ज्यांना ते दिले नाही, त्यांच्यात हे प्रमाण ६३.६ टक्के होते. नऊ महिन्यांनी हेच आकडे ९४.४ आणि ८१.६ टक्के झाले. त्याच चाचणीत विषाणूविरोधी गोळ्याही तपासल्या होत्या, त्यांचा उपयोग दिसला नाही.

यातला दुसरा आकडा नीट बघा. स्टेरॉइड न घेतलेल्यांपैकीही शंभरातले ८० पेक्षा जास्त नऊ महिन्यांत बरे झाले. म्हणजे वाकड्या तोंडाचे शंभर लोक एखाद्याकडे गेले आणि त्याने नुसते पाणी पाजले, तरी पुष्कळसे सरळ तोंडाने परत येणार आणि जन्मभर त्याचे गुण गाणार! कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ.

खऱ्या अर्धांगवायूतही असाच चकवा आहे. काही वेळा गुठळी आपोआप सुटते आणि लुळा पडलेला हात थोड्या वेळात पूर्ववत होतो. घरचे म्हणतात, 'अंगारा लावला आणि उतरलं.' वास्तविक हा मोठ्या झटक्याचा सांगावा असतो. पुढच्या काही दिवसांतच खरा झटका येण्याचा धोका सगळ्यांत जास्त असतो. अशा माणसाला 'आता बरं वाटतंय' म्हणून घरी बसवू नये, त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे.

औषध देणारा लबाडच असतो असे आमचे म्हणणे नाही. त्याच्याजवळ शेजारचा बिनऔषधाचा वाफा नसतो, एवढाच मुद्दा आहे. आणि न बरे झालेले लोक त्याच्या दारी पुन्हा सांगायला जात नाहीत.

गुठळी विरघळवणारे इंजेक्शन

अर्धांगवायूवर फारसा इलाजच नाही, ही समजूत पूर्वी डॉक्टरांतही होती. ती मोडली अमेरिकेतील एका चाचणीने. मेंदू व मज्जातंतूंच्या विकारांसाठी असलेल्या तिथल्या राष्ट्रीय संस्थेने ही चाचणी घेतली आणि तिचे निष्कर्ष डिसेंबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. एकूण ६२४ रोगी. अट अशी, की झटका आल्यापासून तीन तासांच्या आत इंजेक्शन दिले गेले पाहिजे. आणि जवळजवळ निम्म्यांना तर दीड तासाच्या आतच दिले. सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही याची आधी खात्री करायची. मग चिठ्ठीप्रमाणे अर्ध्यांना अल्टेप्लेज हे गुठळी विरघळवणारे औषध, अर्ध्यांना बिनऔषधाचे इंजेक्शन.

चाचणीच्या दुसऱ्या टप्प्यात ३३३ रोगी होते. तीन महिन्यांनी त्यांची तपासणी केली, तेव्हा औषध मिळालेल्यांपैकी ३९ टक्के लोक जवळजवळ पहिल्यासारखे हिंडत-फिरत होते. औषध न मिळालेल्यांपैकी २६ टक्के. म्हणजे दर शंभरामागे तेरा माणसे जास्त स्वतःच्या पायावर उभी राहिली. पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सर्व ६२४ रोग्यांचा हिशेब धरता, औषध मिळालेल्यांपैकी ६.४ टक्के लोकांना मेंदूत रक्तस्राव होऊन प्रकृती बिघडली. दुसऱ्या गटात हे प्रमाण ०.६ टक्के होते. असे असूनही तीन महिन्यांतले मृत्यू औषधाच्या गटात वाढले नाहीत. १७ विरुद्ध २१ टक्के होते.

तेव्हा डॉक्टर सही मागतात आणि धोका समजावून सांगतात, ते काही तरी लपवायचे आहे म्हणून नव्हे. धोका खराच आहे, आणि फायदा त्याहून मोठा आहे, हे मोजून ठरलेले आहे.

पुढे २००८ साली युरोपातील ८२१ रोग्यांच्या चाचणीत दिसले, की तीन ते साडेचार तासांच्या दरम्यान इंजेक्शन दिले तरी फायदा होतो, पण कमी, ५२.४ विरुद्ध ४५.२ टक्के. दोन चाचण्यांतले रोगी सारखे नव्हते, म्हणून आकड्याला आकडा लावून चालणार नाही. परंतु २०१४ साली नऊ चाचण्यांतील ६,७५६ रोग्यांचा हिशेब एकत्र केला, तेव्हाही तेच स्पष्ट झाले : जितका उशीर, तितका फायदा कमी. तोडलेला ऊस फडात पडून राहिला तर उतारा तासागणिक घटतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. मेंदूचेही तसेच आहे. साडेचार तास ही शेवटची मुदत आहे, तेवढा वेळ हातात आहे असा तिचा अर्थ नाही.

अल्टेप्लेज तासभर शिरेतून सोडत राहावे लागते. टेनेक्टेप्लेज हे त्याच घराण्यातले औषध एकाच दमात देता येते. कॅनडात १,५७७ रोग्यांवर दोन्हींची तुलना झाली. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार नवे औषध जुन्यापेक्षा कमी पडले नाही.

एका रानातले वाण दुसऱ्या रानात

इथे एखादा म्हणेल, की गुठळी विरघळवणारे कोणतेही औषध चालेल की! पण तसे नाही. स्ट्रेप्टोकायनेज हे असेच औषध. हृदयविकाराच्या झटक्यात ते जीव वाचवते, हे १९८८ साली १७,१८७ रोग्यांच्या चाचणीत सिद्ध झाले. साहजिकच, मेंदूतही चालेल असे वाटले. १९९० च्या दशकात युरोपात आणि ऑस्ट्रेलियात चाचण्या घेतल्या, तर रक्तस्राव आणि मृत्यू इतके वाढले, की त्या मुदतीआधी थांबवाव्या लागल्या. काळ्या रानात उत्तम येणारे वाण चोपण रानात जळून जावे, तशातला प्रकार.

मोठमोठ्या डॉक्टरांचा तर्कही चाचणीपुढे पडतो तो असा. मग ऐकीव औषधाची काय कथा?

तारेने गुठळी काढणे

मोठ्या नळीतली मोठी गुठळी इंजेक्शनने सहसा पुरती विरघळत नाही. अशा वेळी जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन, तिच्यातून पुढे सरकवलेल्या जाळीने गुठळी ओढून बाहेर काढतात. तुंबलेल्या पाइपात तार घालून कचरा काढावा तसे. नेदरलँड्समध्ये ५०० रोग्यांवर याची चाचणी झाली, ती २०१५ साली प्रसिद्ध झाली. सहा तासांच्या आत ही क्रिया सुरू केलेल्यांपैकी ३२.६ टक्के लोक तीन महिन्यांनी आपले आपण वावरत होते. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांपैकी १९.१ टक्के.

२०१८ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका चाचणीत सहा ते चोवीस तास उलटलेले २०६ रोगी घेतले होते. मात्र सरसकट नव्हे. स्कॅनमध्ये ज्यांच्या मेंदूचा बराच भाग अजून वाचण्याजोगा दिसत होता तेवढेच. त्यांच्यात हे प्रमाण ४९ विरुद्ध १३ टक्के निघाले. झोपेतच झटका आलेल्या लोकांना यामुळे आशा निर्माण झाली. 'आता बराच वेळ झाला, नेऊन काय उपयोग?' असे घरी बसून ठरवू नये, ते यासाठी. ही सोय मोठ्या शहरांतील निवडक रुग्णालयांतच असते, म्हणून कुठे न्यायचे हे आधी विचारून ठेवलेले बरे.

आपल्या देशातील चाचणी

संशोधन म्हणजे परदेशातच, असे नाही. झटक्यानंतरचे व्यायाम घरच्याच माणसाला शिकवून त्याच्याकडून करून घेतले तर रोगी लवकर सुधारतो का, हे आपल्या देशातील १४ रुग्णालयांत १,२५० रोग्यांवर तपासले गेले. आपल्याकडे व्यायामतज्ज्ञ कमी आणि घरात माणसे जास्त, तेव्हा कल्पना पटण्याजोगी होती. २०१७ साली निष्कर्ष आले. सहा महिन्यांनंतर दगावलेले किंवा परावलंबी असलेले लोक दोन्ही गटांत सारखेच होते, ४७ टक्के.

याचा अर्थ व्यायाम करू नये असा मुळीच नाही. नेहमीचे उपचार आणि सल्ला दोन्ही गटांना मिळतच होता. त्यावर घरच्यांना दिलेल्या जादा शिकवणीने जादा फरक पडला नाही, एवढाच अर्थ. वाटले म्हणून कल्पना खरी ठरत नाही आणि खोटी निघाली तरी ती प्रसिद्ध करायची, हा या कामातला प्रामाणिकपणा आम्हांला मोलाचा वाटतो. न उगवलेल्या वाणाची नोंदही पुढच्या पेरणीला उपयोगी पडते.

सहाशे गावांची मिठाची चाचणी

झटका आल्यावर धावपळ करण्यापेक्षा तो येऊच न देणे केव्हाही स्वस्त. झटक्याचे सर्वांत मोठे कारण वाढलेला रक्तदाब. तो दुखत नाही, खुपत नाही, म्हणून गोळी मध्येच सोडून दिली जाते. एकदा झटका येऊन गेलेल्या ६,१०५ लोकांची चाचणी २००१ साली प्रसिद्ध झाली. रक्तदाबाची गोळी घेतलेल्यांपैकी चार वर्षांत १० टक्के लोकांना पुन्हा झटका आला, बिनऔषधाची गोळी घेतलेल्यांपैकी १४ टक्के लोकांना.

त्याहून आपल्या जवळची चाचणी चीनमधली. उत्तर चीनच्या खेड्यांत, आपल्यासारख्याच लोकांत झालेली. ६०० गावे घेतली, २०,९९५ माणसे. त्यांना पूर्वी झटका येऊन गेलेला होता, किंवा वय साठीचे असून रक्तदाब वाढलेला होता. चिठ्ठीने निम्म्या गावांना नेहमीचे मीठ ठेवले आणि निम्म्या गावांना असे मीठ दिले, की ज्यातला पाव हिस्सा पोटॅशियमचा. जवळजवळ पाच वर्षे हिशेब ठेवला. २०२१ साली निष्कर्ष आला, की साध्या मिठाच्या गावांत दर हजार माणसांमागे वर्षाला साधारण ३४ झटके, बदललेल्या मिठाच्या गावांत साधारण २९. ना दवाखाना, ना यंत्र. नुसत्या मिठाच्या बदलाने!

मात्र घाईने कुणी पोटॅशियमचे मीठ आणू नये. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना ते घातक ठरू शकते. आधी डॉक्टरांना विचारावे. पापड, लोणचे, खारवलेले पदार्थ आणि ताटात वरून घेतलेले मीठ कमी करायला मात्र कुणाला विचारावे लागत नाही. तंबाखू आणि विडी-सिगरेट सोडण्याचेही तसेच.

आपण काय करायचे?

ही यादी घरात दिसेल अशी चिकटवून ठेवावी.

१. तोंड एका बाजूला ओघळले का, दोन्ही हात वर धरल्यावर एक हात खाली पडतो का, बोलणे अडखळते का, हे पाहावे. यांतले एकही लक्षण अचानक दिसले तर झटकाच समजावा. चेहऱ्याच्या नसेचा प्रकार असेल तर ते डॉक्टर ठरवतील, आपण ठरवू नये.

२. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला, ती वेळ लिहून घ्यावी. झोपेतून उठताना लक्षण दिसले तर झोपायला गेला ती वेळ धरतात. डॉक्टरांचा पहिला प्रश्न हाच असतो.

३. १०८ क्रमांकाला फोन करावा. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून आहे. सीटी स्कॅनची आणि हे इंजेक्शन देण्याची सोय असलेल्या रुग्णालयातच सरळ न्यावे. दारात जाऊन परत फिरण्यात तास जातो.

४. तोंडाने पाणी, चहा, औषध काहीही देऊ नये. गिळण्याची शक्ती गेलेली असली तर ते फुप्फुसात जाते. अ‍ॅस्पिरिनची गोळीही आपल्या मनाने देऊ नये. आत रक्तस्राव असेल तर ती घात करील.

५. मधुमेही माणसाची रक्तातली साखर एकदम उतरली तरी अशीच लक्षणे दिसतात. म्हणून मधुमेह आहे आणि कोणती औषधे चालू आहेत, हे डॉक्टरांना लगेच सांगावे. गोळ्यांची पाकिटे बरोबर न्यावीत.

६. चाळिशीच्या पुढच्या प्रत्येकाने रक्तदाब तपासून घ्यावा. गोळी चालू असेल तर गळीत हंगामाच्या धांदलीतही ती चुकवू नये.

'चाचणीत भाग घेता का?' असे विचारले तर

शेवटी एक गोष्ट. मोठ्या रुग्णालयात कधी कधी अशा चाचणीत भाग घेण्याविषयी विचारतात. 'आमच्या माणसावर प्रयोग नको' असे म्हणून लोक बिथरतात. त्यात वावगे काही नाही. परंतु वर सांगितलेले प्रत्येक औषध कुणीतरी 'हो' म्हटले म्हणूनच आज आपल्या कामी येते, हेही ध्यानात घ्यावे.

हो म्हणायचे की नाही हा सर्वस्वी तुमचा हक्क आहे. नाही म्हटले तरी नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत, आणि हो म्हणून मध्येच बाहेर पडता येते. सही करण्यापूर्वी कागद आपल्या भाषेत मागून घ्यावा, स्वतः वाचावा किंवा विश्वासातल्या माणसाकडून वाचून घ्यावा. तीन प्रश्न जरूर विचारावेत. रुग्णालयाच्या नीती समितीने या चाचणीला मंजुरी दिली आहे काय? देशाच्या चाचणी नोंदवहीत हिची नोंद आहे काय? आणि चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार व भरपाई कोण देणार? ही नोंदवही २००७ पासून आहे आणि २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची नोंद सक्तीची झाली. नव्या औषधाच्या चाचणीत इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई देण्याची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. जो या प्रश्नांची सरळ उत्तरे देणार नाही, त्याला सही देऊ नये.

शंभर वर्षांत जगभरच्या हजारो रोग्यांनी आणि डॉक्टरांनी वाफ्याला वाफा लावून जे पारखले, त्याचे सार एका वाक्यात सांगता येते : अर्धांगवायूवर इलाज आहे, पण तो घड्याळाला बांधलेला आहे. झाडपाल्याच्या गावी जायला नंतर आयुष्य पडले आहे. पहिले साडेचार तास मात्र दवाखान्याचे. हा मजकूर घरातल्या बायामाणसांना आणि शाळकरी मुलांना आवर्जून वाचून दाखवावा. कारण झटका ज्याला येतो त्याला बहुधा स्वतःहून फोन करता येत नाही. तो शेजारच्यालाच करावा लागतो.